डावीकडच्या आसनाची तजवीज

मी, सौ. नीलांबरी शामकांत राशिनकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका (गणित), राहणार सावेडी, अहिल्यानगर, ज्याला मी अजूनही नगरच म्हणते, आज माझ्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा दुसरा चहा झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. माझ्या धाकट्या भावाने फोनवरून थोडा प्रयत्न केला होता. त्याचा समाचार पुढे सहाव्या कलमात घेतला आहे. माझी प्रकृती उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मरायची मला अजिबात घाई नाही.

वकिलांनी मला एक तयार मसुदा दिला होता. त्यात माणसांची नावे भरली की काम झाले असते. पण त्यात कुठेही 'का' नव्हते, आणि 'का' न लिहिता उत्तर लिहिले तर मी आयुष्यभर मुलींचे गुण कापले. म्हणून मी माझ्या पद्धतीने लिहीत आहे. जास्तीचे वाटेल ते वकिलांनी वगळून वाचावे.

कलम १. आधीचे मृत्युपत्र रद्द.

गेल्या वर्षी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने मी पूर्णपणे रद्द करते. त्यात माझी हिरवी गाडी विकून टाकावी असे लिहिले होते. पुढे पुढे तर मरेपर्यंत थांबायचेही नको वाटले, आणि पुण्याच्या एका गृहस्थांना मी ती विकायचा शब्द देऊन बसले. तो शब्द मी यंदा मागे घेतला. गृहस्थ नाराज झाले, पण मला इतके हायसे वाटले की त्यांची क्षमा मागतानाही मी हसत होते, आणि ते त्यांना फोनवर ऐकू गेले असावे.

कलम २. घर.

सावेडीचे हे घर माझे आणि माझे पती शामकांत यांचे समाईक आहे. माझा हिस्सा त्यांनी हयातभर उपभोगावा. त्यांच्या पश्चात तो माझा मुलगा वरद आणि मुलगी मैत्रेयी यांना निम्मा निम्मा मिळावा. मैत्रेयी नाशिकला सुखात आहे, तिला स्वतःचे घर आहे, तिला काय करायचेय, असे म्हणणारे लोक माझ्या तेराव्यालाच उगवतील. त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. मैत्रेयीकडे कोणीही हक्कसोडपत्रावर सही मागायची नाही. तिने स्वतःहून करते म्हटले तरी करू द्यायची नाही.

आमच्याकडची रीत अशी की वडील गेले की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आणि भावाने तिला साडीचोळी करायची. मीही केली. माझे माहेर नेवाशाचे. वडील तिथे वकिली करत. भाऊ मोहिनीराज याच्यासाठी मी घरावरचा आणि शेतावरचा हक्क सोडला. साडी मोरपंखी होती. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला.

त्या वेळी मी एकच वस्तू मागितली होती. गोठ्यात पडलेली गाडी.

कलम ३. दागिने व ठेवी.

पाटल्या मैत्रेयीला. मोहनमाळ सून प्रणिता हिला. ती घालणार नाही हे मला माहीत आहे, पण कपाटात असू दे. बँकेतील सर्व ठेवी शामकांतांच्या नावे व्हाव्यात. फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास शाळेने परत मागितला तर द्यावा. मागितला नाही तर आपणहून नेऊन देऊ नये.

कलम ४. गाडी.

हे कलम मोठे आहे. खरे तर याच्यासाठीच सगळे लिहायला बसले आहे.

गाडी म्हणजे सन १९६७ ची विलायती एम.जी., दोनच आसनांची, उघड्या टपाची, गर्द हिरव्या रंगाची स्पोर्ट्स कार. जमिनीला इतकी टेकलेली की रस्त्यात कुत्रे आडवे आले तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडतो. नगरच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून वडिलांनी ती घेतली. मोहिनीराज तेव्हा शाळेत होता, म्हणून चालवायला मला शिकवले. नेवाशात तेव्हा लोक म्हणत, वकिलांनी पोरीला उंडगी केली. वडील म्हणत, "उंडगी नाही, ड्रायव्हर केली."

पुढे माझे लग्न झाले, वडील थकले आणि गाडी गोठ्यात गेली. हक्कसोडाच्या दिवशी मी ती मागितली तेव्हा मोहिनीराज पोट धरून हसला. "ताई, तिच्यात कोंबड्या बसतात. ने कोंबड्यांसकट!" ट्रॅक्टरला बांधून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागोमाग, ती नगरला नूरुद्दीनभाईंच्या गॅरेजात आली. एक कोंबडी खरोखरच आसनामागे दडून सोबत आली होती. ती नूरुद्दीनभाईंनी ठेवून घेतली. तिचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

भाईंनी गाडी धावती केली, आणि तेव्हापासून दर रविवारी मी आणि शामकांत ती घेऊन निघायचो. कधी नेवासा रस्त्याने, कधी कल्याण रस्त्याने, कधी नुसतेच जेऊरपर्यंत जाऊन भजी खाऊन परत. मी उजवीकडे, ते डावीकडे. शामकांतांना गाडी चालवता येत नाही. सायकलवरही ते उतारावर उतरून चालतात.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचे सगळे कळेल. शामकांत घरात बोलत नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही, माणूसच तसा आहे. पाटबंधारे खात्यात नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचे ऐकून घेतले आणि घरी येऊन वर्तमानपत्र वाचले. 'मीठ कमी आहे', 'फोन वाजतोय', 'येतो' एवढ्यावर आमचा संसार चालतो. पण गाडीत डावीकडे बसले, टप उघडला, गाव मागे पडले, की हा माणूस बोलायला लागतो. कोणत्या साहेबाने कोणाच्या चारीचे पाणी कुठे वळवले, त्यांच्या आईला कोणती भाजी आवडायची, धरणाच्या भिंतीवर बसून त्यांनी एकदा नोकरी सोडायचे कसे ठरवले होते. लग्नाआधी त्यांनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या बोटांना खडू लागला होता आणि त्यावरून त्यांनी होकार दिला, हे मला लग्नानंतर अठरा वर्षांनी, जेऊरच्या अलीकडे कळले. समोर रस्ता असतो, एकमेकांकडे बघावे लागत नाही, म्हणून जमत असेल. कारण काही असो. माझा नवरा मला या गाडीत भेटला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, बसा, फिरा, मजा करा, पण दणका चालणार नाही. महिने उलटले, कमरेचा पट्टा सुटला, आणि आम्ही उत्साहाने निघालो. प्रोफेसर कॉलनीच्या चौकाच्या अलीकडच्या गतिरोधकावर गाडी एकदा चढली, एकदा उतरली आणि नंतर उगाचच आणखी दोनदा उडाली. शामकांतांच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. पहिल्या गिअरमध्ये मी त्यांना घरी आणले. ते फाटकाशी उतरले आणि म्हणाले, "नीला, तू जात जा. मी इथे बसतो."

मी पुढच्या रविवारी एकदा गेले. भिस्तबाग चौकातून परत फिरले. डावीकडचे आसन रिकामे होते आणि त्याच्याकडे सारखे लक्ष जात होते. घरी येऊन मी गाडीवर ताडपत्री घातली. वरद म्हणाला, "आई, माझी मोठी गाडी आहे ना, तिच्यातून जाऊ." आम्ही गेलो. मागच्या आसनावर, काचा वर करून, थंड हवा लावून. शामकांत वर्षभर त्या गाडीतून फिरले आणि वर्षभरात जेमतेम 'एसी कमी कर' म्हणाले. मला वाटले, बोलणारा शामकांत होता तो गेला, आता उरलेल्याशी जमवून घ्यायचे. मी तेव्हा रडले आहे. कोणाला सांगितले नव्हते, आता लिहून ठेवते.

प्रणिता, म्हणजे वरदची बायको, इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात दुचाकींचे शॉकअप तपासते. पाथर्डीकडची मुलगी. शिकली इंजिनिअरिंग, पण बोलते अजून घरच्यासारखी. पुण्याचे गृहस्थ गाडी बघून गेले त्या दिवशी तिने ताडपत्री वर केली, गाडीच्या एकेका कोपऱ्यावर सगळा भार टाकून दाबले आणि सोडले. गाडी खाली गेली, वर आली, आणि डुलतच राहिली.

"आई, गाडीत काही खोट न्हाई. शॉकअप म्हातारं झालंय," ती म्हणाली. "स्प्रिंग हिला झुलवती अन् धरून ठेवायला कुणी न्हाई. विकू नका. मला दिवाळीपर्यंत द्या."

शॉकअपचे काम मला तिने असे समजावले: खड्ड्यातून निघाल्यावर स्प्रिंगला नाचायचे असते आणि शॉकअप तिला आवरतो. फार आवरला तर दणका थेट पाठीत बसतो. कमी आवरला तर गाडी नाचत राहते. आमच्या गाडीचे जुने शॉकअप तेल गाळून गाळून रिकामे झाले होते. आता असे मिळतात की त्यांना एक घुंडी असते. ती फिरवली की टिक टिक वाजते आणि शॉकअप हवा तेवढा कडक किंवा मऊ होतो. प्रणिताने ते मागवले, बसवण्यासाठी पट्ट्या घडवून घेतल्या आणि नूरुद्दीनभाईंना बजावले की गाडीला नवीन भोक एकही पाडायचे नाही. त्यांनी ते काम सुंदर केले. मग घुंड्या मात्र त्यांनी आपल्या अकलेने फिरवल्या, आणि इथे आम्ही सगळे फसलो.

प्रणिता त्या दिवशी कारखान्यात होती. नूरुद्दीनभाई गाडी घेऊन आले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाई, तुमी आता डोळं मिटून चालवा. साहेबांची बाजू लोण्यावानी केली हाय. तुमची बाजू तुमाला आवडती तशी, कडक." म्हणजे डावे दोन्ही शॉकअप मऊ आणि उजवे दोन्ही कडक. ज्याला जे आवडते ते त्याच्या बाजूला. जेवणाच्या ताटात वाढावे तसे. मला ते इतके पटले की मी गणिताची बाई असूनही मान डोलावली. शामकांतांनाही पटले.

आम्ही निघालो. पहिल्या गतिरोधकावर गाडीची डावी बाजू लवली आणि उजवी तशीच ताठ राहिली. वळणावर तर ती एका पायाने अधू बैलासारखी चालू लागली. शामकांत एका हाताने दार आणि दुसऱ्याने माझा पदर धरून बसले होते. "नीला, ही लंगडतेय," ते म्हणाले. "पुरे. घरी चल."

घरी आल्यावर मी पुण्याच्या गृहस्थांना फोन लावला. ते जेवत होते. म्हणाले, उद्याच टेम्पो घेऊन येतो. तेवढ्यात प्रणिता कारखान्यातून आली. फाटकात नूरुद्दीनभाई मान खाली घालून उभे. तिने चाकाआड हात घातला, डावीकडची घुंडी चाचपली, उजवीकडची चाचपली आणि उठून उभी राहिली.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," नूरुद्दीनभाई म्हणाले. "साहेब मऊ, बाई कडक. घरात बी असंच हाय ना?"

"चाचा, माणसांचं चालून जातं. गाडीचं न्हाई चालत. डावं-उजवं सारखंच लागतं. फरक करायचा तर पुढच्यात अन् मागच्यात करायचा."

नूरुद्दीनभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि हसू दाबता आले नाही म्हणून तोंड फिरवले. शामकांत तर व्हरांड्यात बसून मोठ्याने हसले. हे त्यांच्या बाबतीत लिहून ठेवण्यासारखे आहे.

त्या संध्याकाळी प्रणिता एका वेळी एकच टिक फिरवत गेली. दर वेळी वाफ्यातली वीट वाटेत ठेवून तिच्यावरून गाडी नेऊन बघायची, उतरायची, पुन्हा फिरवायची. वरद विजेरी धरून उभा होता आणि तीन वेळा "झालं का?" म्हणाला. झाले तेव्हा तिने पर्समधून नेलपॉलिश काढली आणि चारही घुंड्यांवर लाल ठिपका दिला. "आई, हा बाबांचा ठिपका. ह्याच्यापुढं तुमची हौस न्हाई."

माझी हौस म्हणजे, मला गाडी कडक आवडते. रस्त्यातला खडा न् खडा हाताला कळला पाहिजे. लाल ठिपक्यावर ती थोडी तरंगते, वळणावर जरा उशिरा ऐकते. ते मी मान्य केले आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी एवढीच तडजोड केली, असे शामकांत म्हणतात. त्यांनी गाडीत म्हटले म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गृहस्थांना मी सकाळी पुन्हा फोन केला आणि टेम्पो नको म्हणून सांगितले. ते काय म्हणाले ते इथे लिहिणे बरे नव्हे. मग शामकांत आधी आसनावर टेकले, नंतर पाय आत घेतले, जसे डॉक्टरांनी शिकवले आहे तसे, आणि आम्ही कल्याण रस्त्याला लागलो. हिवरे बाजारला जायचे ठरले होते, कारण तिथल्या ओळखीच्या बाई दूध चांगले देतात. पहिला गतिरोधक आला. मी गिअर खाली घेतला. शामकांतांनी दाराची कड धरली, डोळे मिटले.

"आला का?" त्यांनी विचारले.

"गेला," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडून मागे वळून पाहिले. मागे गतिरोधक होता. त्यांनी दार सोडले, हात मांडीवर ठेवला आणि पुढचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, दुखत असेल. विचारायची हिंमत होईना. नेप्तीचा बाजार आला. रस्त्याकडेला गोण्यांच्या थप्प्या होत्या आणि आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. शामकांतांनी नाक वर केले.

"कुणाचा तरी कांदा भिजलाय," ते म्हणाले.

एवढेच वाक्य. पण ते घरातले वाक्य नव्हते, गाडीतले होते. त्याच्या मागोमाग मग भिजलेल्या कांद्याचे काय करायचे असते ते आले, त्यांच्या आजोळी कांदा साठवायची चाळ होती ते आले, तिथल्या मामाने दुसरे लग्न कसे लपवले होते ते आले. जखणगाव गेले, हिवरे बाजार आले, दूध घेतले, परत निघालो, तरी मामा चालूच. मी रस्त्याकडे बघत होते आणि मला नीट दिसत नव्हते, म्हणून गाडी बाजूला घेतली. "काय झालं? इंजिन तापलं का?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हणाले.

तर आता मुद्द्याचे. सदर गाडी, तिची कागदपत्रे, दोन्ही किल्ल्या, ताडपत्री आणि लाल ठिपक्यांसह चारही शॉकअप मी माझी सून सौ. प्रणिता वरद राशिनकर हिला देते. तिलाच, एकटीला, पूर्ण मालकीने.

वरद, रागावू नकोस. हा मसुदा वाचून तू म्हणालास, "आई, मी तुझा मुलगा आहे." होय, आणि म्हणूनच तुझे चालवणे मला ठाऊक आहे. तुला गतिरोधक त्याच्यावर चढल्यावर दिसतो. प्रणिता तिच्या वडिलांचा दुधाचा टेम्पो चालवत वाढली. कॅनमधले दूध हिंदकळू न देता पाथर्डीच्या रस्त्यावरून डेअरीवर नेलेली मुलगी आहे ती. ब्रेक न दाबता गाडी हळू करणे तिला जन्मतः येते. मला गाडीला वारस नको होता. मला शामकांतांना ड्रायव्हर हवा होता. तो माझ्या डोळ्यांदेखत मिळाला, म्हणून मी हे सगळे इतक्या मोकळ्या मनाने लिहू शकते.

प्रणिता, तुझ्यावर अट घालत नाही. वकील म्हणतात, अट घातली की भांडण लागते. विनंती करते. मी नसेन तेव्हा दर रविवारी बाबांना घेऊन निघावे. वेळ नसेल त्या रविवारी जेऊरपर्यंत तरी. "बाबा, बोला ना" असे कधीही म्हणू नये. म्हटले की ते मिटतात. रस्त्याकडे बघत राहावे. गाडी लग्नाच्या वरातीला देऊ नये. खंडेनवमीला पूजा जरूर करावी, पण नारळ बॉनेटवर आपटू नये, बाजूला दगड आहे. आणि शामकांत माझ्याआधी गेले, तरी गाडी तुझीच. मग घुंड्या तुला वाटतील तशा फिरव.

कलम ५. हत्यारे.

पान्यांची पेटी, जॅक आणि ग्रीसची बंदूक नूरुद्दीनभाईंना. त्यांना या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची फार इच्छा होती. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितले. भाईंनी थोडा विचार करून पेटी निवडली.

कलम ६. माझा भाऊ मोहिनीराज.

गाडी पुन्हा धावायला लागल्याचे कळल्यावर मोहिनीराजने फोन केला. "ताई, तू शॉकअप बदललेस म्हणे. गाडीचं मूळपण घालवलंस. बाबांची आठवण होती ती. मला मिळाली असती तर मी जशीच्या तशी ठेवली असती." त्याने ती जशीच्या तशी ठेवली होती खरी. कोंबड्यांना विचारावे.

मूळपणाची त्याला एवढी ओढ आहे तर गाडीचे चारही मूळ शॉकअप, तेल गळालेले, लाकडी खोक्यात फडक्यात बांधून ठेवले आहेत, ते मी मोहिनीराजला देते. सोबत ती मोरपंखी साडीही द्यावी. ती मी जपून ठेवली आहे. त्याच्यावर माझा राग आहे, पण पूर्वी होता तेवढा नाही. जे मागितले ते त्याने दिले, आणि त्याला कळले नाही की त्याने काय दिले. त्याबद्दल त्याचे आभार.

कलम ७. कॉलनी.

आमच्या फाटकासमोर कॉलनीच्या मंडळाने नुकताच जो गतिरोधक बांधला आहे तो गतिरोधक नसून बांध आहे. दोनदा अर्ज केला, दोनदा 'बघू' म्हणाले. माझ्या कोठीत पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आहे. तो मंडळाला देते, म्हणजे निदान तो लोकांना दिसेल तरी.

कलम ८. व्यवस्था.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी शाळेतली मैत्रीण गौहर शेख यांनी करावी. त्या मराठीच्या बाई. त्यांनी हे वाचून विचारले, "नीला, हे मृत्युपत्र आहे की गाडीचं प्रगतिपुस्तक?" आणि तरी एकही ओळ खोडली नाही. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

कलम ९. शेवटचे.

माझ्या मागे फार रडारड करू नये. मला अमरधामला न्यायला कोणतीही गाडी चालेल. वरदने चालवली तरी चालेल. मला दणके लागणार नाहीत.

परतताना मात्र शामकांतांना कोणीही मोठ्या गाडीत, मागच्या आसनावर, दोन नातेवाइकांच्या मध्ये बसवू नये. लोक त्यांचा हात धरून "धीर धरा" म्हणत राहतील आणि ते मान डोलावतील, आणि मग ते घरी येतील आणि खुर्चीत बसतील, आणि तिथून त्यांना कोणी उठवू शकणार नाही. मला मरणाची भीती वाटत नाही. या खुर्चीची वाटते.

प्रणिताने हिरवी गाडी अमरधामच्या बाहेर उभी ठेवावी, टप उघडा. त्यांना सावकाश बसू द्यावे. मग घराकडे वळू नये. गाव मागे पडेल असा कोणताही रस्ता धरावा आणि चालत राहावे. घरी लोक ताटकळतील, अंघोळी राहतील, शेजाऱ्यांनी आणलेला पिठलं-भात गार होईल. होऊ द्या. हवे तर पेट्रोल भरून घ्यावे. शामकांत बोलायला लागले, की मग गाडी घरी आणावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, हसून आणि दोन ठिकाणी डोळे पुसून खालील साक्षीदारांसमोर सही केली आहे. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: नीलांबरी शामकांत राशिनकर

साक्षीदार:
१. पंकजा कुलकर्णी, औषध दुकानदार, शेजारीण, रा. सावेडी
२. कानिफनाथ आव्हाड, निवृत्त, पाटबंधारे खाते, शामकांतांचे सहकारी, रा. सावेडी

स्थळ: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी, निघण्यापूर्वी